एक्स-रे उत्तम, मग गुडघा परका का वाटतो?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ६६ वर्षांच्या आहेत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. रात्रीची झोप उडवणारा ठणका गेला, काठीही सुटली. पण खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर आहे आणि गुडघा टेकवत नाही, त्यामुळे नातीबरोबर खाली बसता येत नाही. तपासणीला गेलं की डॉक्टर एक्स-रे बघून ‘सांधा उत्तम बसलाय’ म्हणतात. आगेमागेच ऑपरेशन झालेल्या जाऊबाई भराभरा जिने चढतात. घरात कुरकुर केली तर ‘एवढं सगळं केलं तरी तुझं दुखतंयच’ असं ऐकावं लागतं. आता डाव्या गुडघ्याचा विषय निघालाय. मुलगा म्हणतो, माझी रजा आहे तोवर तेही उरकून टाकू. त्या विचारतात: माझंच काही चुकलं का? हा सांधा पंधरा वर्षांनी बाद होतो म्हणतात, ते खरं का? आणि डावा करू की नको?

ताई,

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘तक्रार करायचीसुद्धा लाज वाटते.’ बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी ही लाज बाजूला काढू. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघा बदललेल्या माणसांबरोबर माझी बरीच वर्षं गेली आहेत. ऑपरेशनला वर्ष-दीड वर्ष झाल्यावर दबक्या आवाजात ‘तसं बरंय हो, पण...’ म्हणणारी माणसं मला सतत भेटतात. त्या ‘पण’च्या पुढचं बहुतेकांनी कुणालाच सांगितलेलं नसतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये गुडघा बदललेल्या आठ हजारांहून जास्त लोकांना ऑपरेशननंतर साधारण वर्षभरानं विचारलं होतं, तुम्ही समाधानी आहात का? ती पाहणी २००७ मध्ये छापून आली. जवळपास ८२ टक्के ‘हो’ म्हणाले, ७ टक्के ‘नाही’ म्हणाले आणि ११ टक्क्यांनी ‘नक्की सांगता येत नाही’ असं उत्तर दिलं. पुढं इतर देशांतही विचारून झालं आणि चित्र साधारण तसंच राहिलं. पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो. त्या ११ टक्क्यांत मला तुम्ही दिसता. रात्रीचा ठणका गेला हे खरं, आणि जिना उतरताना दुखतं हेही तितकंच खरं. घरच्यांना पहिलं पटवून देण्यासाठी दुसरं लपवायची काही गरज नाही.

आता पंधरा वर्षांचं. हा आकडा लोकांनी औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा धरून ठेवलाय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास आला. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमध्ये प्रत्येक सांधेबदलाची राष्ट्रीय नोंद ठेवतात, त्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. पूर्ण गुडघा बदललेल्यांमध्ये १५ वर्षांनी सुमारे ९३ टक्के, २० वर्षांनी ९० टक्के आणि २५ वर्षांनी ८२ टक्के सांधे जागेवर होते. गुडघ्याची एकच बाजू बदललेल्यांमध्ये २५ वर्षांनी हे प्रमाण ७० टक्के होतं. शिवाय पंचवीस वर्षं पूर्ण झालेले सांधे म्हणजे त्या काळचे सांधे. आत बसवतात त्या प्लॅस्टिकमध्ये तेव्हापासून बरीच सुधारणा झाली आहे.

ऑपरेशन कोणत्या वयात झालं यानंही फार फरक पडतो. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच आयुष्यात पुन्हा तो बदलावा लागतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांमध्ये मात्र हीच शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत जाते. कारण उघड आहे: पुढं आयुष्य जास्त आणि सांध्यावर वापरही जास्त. धातू प्लॅस्टिकवर घासून अतिसूक्ष्म कण सुटतात, त्यांच्याशी शरीर झगडतं, त्या झगड्यात आजूबाजूचं हाड विरघळू लागतं आणि सांधा सैल होतो. हे व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तुमचं ऑपरेशन पासष्टीच्या आसपास झालं, म्हणजे तुम्ही त्या ५ टक्क्यांच्या टोकाकडे जास्त आहात. पंधराव्या वर्षाची धास्ती घ्यायचं कारण मला दिसत नाही.

पण या आकड्यांत एक गोम आहे, आणि तुमच्या पत्राचं उत्तर मला तिथंच सापडतं. या नोंदवह्यांत सांधा ‘टिकला’ म्हणजे तो पुन्हा बदलावा लागला नाही, एवढंच. जिना उतरताना दुखतं म्हणून कठड्याला घट्ट धरणारी बाई त्या नोंदीत यशस्वी म्हणूनच मोजली जाते. डॉक्टर एक्स-रेकडे बघतात तेव्हा ते बरोबरच बघत असतात. धातू हाडाला धरून आहे का, कोन बरोबर आहे का, मध्ये फट पडली आहे का, हे त्यात कळतं. मांडीत ताकद किती उरली आहे, हे एक्स-रेत दिसत नाही. तुम्हाला नातीबरोबर खाली बसायचंय, हे तर दिसणारच नाही. ‘सांधा उत्तम आहे’ हे वाक्य सांध्याबद्दल आहे. तुम्ही ते ‘तुम्ही उत्तम आहात’ असं ऐकलंत, आणि मग दुखतंय म्हणजे आपल्यातच काही खोट आहे असं धरून चाललात. इथं मला तुम्हाला थांबवायचंय.

तेव्हा उजव्या गुडघ्याकडे आपण नव्यानं बघू. आठवडाभर एक लहानशी वही जवळ ठेवा आणि दुखणं नेमकं कधी येतं ते लिहा. खुर्चीतून उठतानाच पुढच्या बाजूला दुखतं, की उभं राहिल्यावर पहिली चार पावलं दुखतं आणि मग मोकळं होतं? ऐकायला सारखं वाटेल, पण फरक मोठा आहे. उठताना आणि उतरताना वाटीच्या आसपास दुखत असेल, तर बहुतेक वेळा मांडीचे पुढचे स्नायू कमी पडत असतात किंवा वाटी नीट सरकत नसते. पहिल्या पावलांना दुखून नंतर सुटत असेल, तर सांधा सैल होतोय का हे डॉक्टरांनी मुद्दाम बघायला हवं. ऑपरेशननंतर काही महिने अगदी चांगले गेले आणि मग दुखणं सुरू झालं, की ते पहिल्यापासून कधी गेलंच नाही? बसल्याजागी, झोपेतही दुखतं का? गुडघा वाकवून उभं राहिलं की डगमगल्यासारखं होतं का? ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘दुखतंय’ एवढ्या एका शब्दावर त्यांनाही फारसं काही करता येत नाही.

त्यांना स्पष्ट विचारा: जंतुसंसर्ग नाही ना, हे रक्त तपासून बघितलंय का? ईएसआर आणि सीआरपी या त्यासाठीच्या साध्या तपासण्या आहेत. त्यात शंका आली तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासतात. सांध्यात दबून राहिलेल्या संसर्गात ताप येतोच असं नाही. माझा खुबा आणि कंबर तपासली का, हेही विचारा. खुब्याची झीज पुष्कळदा गुडघ्यात दुखते, आणि कमरेत दबलेली नसही तसंच करते. पत्रावरून तुम्हाला यातलं काही असेल असं मला वाटत नाही, पण वाटण्यावर हे सोडून चालत नाही.

आणि कारण सापडल्याशिवाय कुणी ‘परत उघडून बघू’ म्हणालं, तर नम्रपणे नाही म्हणा, दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. कारण न कळता केलेल्या फेरशस्त्रक्रियेतून समाधान मिळण्याची शक्यता कमी असते, आणि दुसऱ्यांदा बसवलेला सांधा सहसा पहिल्याइतका चांगला चालत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मला थोडं थांबायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘तिसऱ्या महिन्यात व्यायाम बंद केले, कारण आता चालणं हाच व्यायाम असं सांगितलं होतं.’ माझा पहिला संशय इथं आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त उतरते. ती हळूहळू भरून येते, पण वर्षानंतरही बऱ्याच जणांची ताकद त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांपेक्षा कमीच असते. त्यात ऑपरेशनआधीची पाच-सात वर्षं दुखतंय म्हणून तुम्ही तो पाय वाचवत आला होतात, म्हणजे स्नायू आधीच रोडावलेला. सपाट रस्त्यावर चालताना या स्नायूला फारसं काम पडत नाही. त्याची खरी परीक्षा खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना होते, आणि तुमचं दुखणं नेमकं याच दोन ठिकाणी आहे.

चौदा महिने उलटले म्हणून वेळ गेली असं समजू नका. स्नायू या वयातही वाढतो, त्याला वजन मात्र द्यावं लागतं. तपासणीत काही वावगं निघालं नाही, तर चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि बारा आठवडे ठरवून द्या. उंच खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, मग खुर्चीची उंची कमी करत नेणं. वीतभरापेक्षाही कमी उंचीच्या पायरीवर चढणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यावरून सावकाश उतरणं. जागेवरची सायकल, पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणं. आठवड्यातून तीनदा, आणि दर पंधरा दिवसांनी थोडं अवघड करत. व्यायामाच्या दिवशी थोडं दुखणं वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं, तर घाबरायचं नाही. सकाळीही सूज आणि ठणका असेल तर एक पायरी मागं या. जे नुसता पाय हवेत उचलायला सांगून महिनोन्महिने तेवढंच करून घेतात, त्यांच्याकडे पैसे आणि वेळ घालवू नका. माझ्याच व्यवसायाबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसं होतं.

मधूनमधून टकटक आवाज येतो, त्याची काळजी करू नका. धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागलं की तो येतो, आणि त्याबरोबर दुखत नसेल तर त्याला अर्थ नाही. बधिर भागाचंही तसंच आहे. गुडघ्याच्या पुढून जाणारी त्वचेची एक बारीक नस या छेदात बहुतेक वेळा कापली जाते. वर्ष-दोन वर्षांत बधिर भाग आक्रसत जातो, पण पूर्ण जाईलच असं नाही. यात कुणाची चूक नाही. फक्त हे तुम्हाला ऑपरेशनआधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगितलं गेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

काहींच्या बाबतीत स्नायूही सुधारतात, तपासण्याही निर्मळ येतात, तरी दुखणं राहतं. वर्षानुवर्षं दुखत आलेल्या सांध्याच्या नसा इतक्या तरबेज झालेल्या असतात की कारण गेलं तरी त्या निरोप पाठवत राहतात. झोप नीट नसेल, मन खचलेलं असेल, अंगात आणखी चार ठिकाणी दुखत असेल, तर हे जास्त होतं. हे ‘मनाचे खेळ’ नव्हेत. त्यावर वेगळी औषधं आहेत, उपचार आहेत. ब्रिटनमध्ये ऑपरेशननंतर तीन महिन्यांनीही बरंच दुखणाऱ्या लोकांना नीट तपासून प्रत्येकाला त्याच्या कारणाप्रमाणे उपचाराला पाठवलं गेलं आणि फोनवर पाठपुरावा ठेवला, तेव्हा वर्षभरानं त्यांचं दुखणं इतरांपेक्षा कमी भरलं. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणीतरी नीट ऐकून घेऊन मागे लागलं, की फरक पडतो.

जाऊबाईंबद्दल एवढंच सांगते: ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे सगळ्यात जास्त ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावर ठरतं. तुमचा आधी जेमतेम शंभर अंश वाकत होता, आज एकशेपाच वाकतो. त्यांचा आधी किती वाकत होता, मांडी किती भक्कम होती, दुसरा पाय कसा होता, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही दोघी एका रेषेवरून निघालाच नव्हता.

आता डावा. ‘कधीतरी करावाच लागणार, मग आत्ताच का नको’ हे मुलाचं म्हणणं ऐकायला बिनतोड आहे, पण पहिल्या अर्ध्यातच खोट आहे. करावाच लागेल, हे ठरलेलं नाही. डेन्मार्कमध्ये १०० जणांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळेच जण गुडघा बदलण्याच्या टप्प्यावर आलेले होते. निम्म्यांचं ऑपरेशन करून मग बारा आठवडे व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातले तळवे आणि गरजेपुरती औषधं असा कार्यक्रम दिला. उरलेल्या निम्म्यांना फक्त तो कार्यक्रम. दुखणं आणि रोजची कामं मोजणाऱ्या १०० गुणांच्या मापावर वर्षानंतर ऑपरेशनवाल्यांची सुधारणा ३२ गुणांची होती, दुसऱ्यांची १६ ची. म्हणजे ऑपरेशननं दुप्पट फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. पण गंभीर त्रासही त्याच गटात जास्त झाले, २४ विरुद्ध ६. आणि ज्यांना फक्त कार्यक्रम दिला, त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी तिघांनी त्या वर्षात ऑपरेशन मागितलंच नाही.

तुम्ही लिहिता, डाव्या पायावर चाळीस मिनिटं चालता येतं आणि रात्री झोप लागते. एक्स-रेत झीज आहे, पण झीज आणि दुखणं यांचा हिशेब नेहमी जुळत नाही. ऑपरेशनआधी झीज कमी होती अशा लोकांमध्ये नंतर असमाधान जास्त दिसतं, हे वारंवार नोंदलं गेलंय. जिथं गमावण्यासारखं पुष्कळ शिल्लक आहे, तिथं मिळण्यासारखं कमी असतं. म्हणून माझं मत: आत्ता डावा करू नका. आधी उजव्याचं दुखणं शोधा आणि त्याची ताकद आणा. डावा करायची वेळ आलीच, तर पहिले सहा आठवडे त्याचा सगळा भार याच उजव्यावर येणार आहे. बारा आठवड्यांचा व्यायाम दोन्ही पायांना द्या, त्यात डाव्याचंही कळेल.

मात्र ‘नको’ याचा अर्थ ‘अगदी खाटेला खिळेपर्यंत नको’ असा घेऊ नका. ती चूकही मी पाहिली आहे. पाय वाकडा होईपर्यंत, गुडघा आखडेपर्यंत थांबलेल्यांना ऑपरेशननंतरही कमीच मिळतं. रात्री दुखून जाग येऊ लागली, चाळीस मिनिटांची वीस झाली, गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला, आणि मनापासून केलेल्या व्यायामानंही तीन महिन्यांत काही हललं नाही, तर मग वेळ आली असं समजा. त्या वेळी साखर, वजन, हिमोग्लोबिन, दात, पायावरच्या जखमा हे सगळं आधी नीट करून घ्या, आणि घरात कुणी तंबाखू ओढत असेल, तर ते तुम्ही स्वतः नसाल अशी आशा करते. संसर्गाचा धोका यातल्या बहुतेक गोष्टींवर अवलंबून असतो.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. त्याला आईचं ओझं लवकर उतरवायचंय असं मी म्हणणार नाही. रजा साठवून ठेवणारा मुलगा काळजीपोटीच घाई करतो. बाळा, ती रजा वाया जात नाहीये. बारा आठवडे आईला व्यायामाला घेऊन जाण्यात ती वापर. आणि ‘तुझं दुखतंयच’ ऐवजी ‘आज कुठं दुखलं’ असं विचार.

उजव्या गुडघ्याची पुढची वर्षं सांभाळायला फार काही लागत नाही. डॉक्टर ज्या अंतरानं सांगतील तसा एक्स-रे काढत राहा, दुखत नसलं तरी. प्लॅस्टिकची झीज बराच काळ मुकाट असते. चांगल्या चाललेल्या गुडघ्यात अचानक नवं दुखणं, सूज, लाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, मग ऑपरेशनला दहा वर्षं झालेली असोत. शरीरात दुसरीकडे कुठं जंतुसंसर्ग झाला, तर उपचार करणाऱ्यांना कृत्रिम सांधा आहे हे आधी सांगा.

उरलं नातीबरोबर खाली बसणं. मांडी घालून बसण्याचं आश्वासन मी देणार नाही. रोजच्या बहुतेक कामांना ११० अंश पुरतात, मांडीला त्याहून बरंच जास्त वाकवण लागतं आणि पायाला पीळही. पण गुडघे टेकणं जमू शकतं. टेकल्यानं सांधा बिघडेल या भीतीनं पुष्कळ लोक आयुष्यभर प्रयत्नच करत नाहीत. प्रत्यक्षात टेकायला नीट शिकवलेल्यांना ते जास्त जमतं, असं अभ्यासातही दिसलंय. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. त्यांनी होकार दिला की पलंगावर, मऊ उशीवर, कडेला धरून सुरुवात करा. बधिर भागावर वजन आलं की विचित्र वाटेल, मुंग्या आल्यासारखं होईल. ते विचित्र असतं, धोक्याचं नसतं. पाच सेकंद, मग दहा. काही आठवड्यांनी जमिनीवर घडी घातलेली जाड चादर, शेजारी भक्कम खुर्ची. उठताना जो पाय जास्त भरवशाचा वाटतो त्याचं पाऊल पुढं टेकवा आणि खुर्चीवर दोन्ही हातांनी भार देऊन वर या. तोवर पहिले काही दिवस नातीलाच खेळणी घेऊन पलंगावर बोलवा.